चारशे चौरस फुटांची तीस वर्षं

मिक्सर घेऊन चार महिने झाले की माणसं त्याबद्दल लिहितात आणि ते वाचून दुसऱ्याचा फायदा होतो. मी ज्या वस्तूबद्दल लिहिते आहे ती तीस वर्षं रोज वापरली आहे. तिच्यात माझा मुलगा वाढला, मुलगी जन्मली, दोन म्हाताऱ्या माणसांनी तिथंच डोळे मिटले. ही वस्तू म्हणजे किल्लारीच्या भूकंपानंतर आम्हाला मिळालेलं पुनर्वसनाचं घर. चारशे चौरस फूट, दोन खोल्या, स्वयंपाकाला कोपरा, मागं संडास-न्हाणी, वर स्लॅब. 1996च्या गुढीपाडव्याला आम्ही राहायला आलो.

गावाचं नाव लिहीत नाही, आणि ज्यांनी घरं बांधून दिली त्यांचंही नाही. ती माणसं लांबून आली, पदरचा पैसा घातला, आमच्या उन्हात उभी राहिली. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पण चांगल्या मनानं दिलेलं घर राहायलाही चांगलं असतंच असं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय पुढच्यांना उपयोग नाही.

पुढचे म्हणजे कोण, तेही सांगते. 2025च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडं पूर आले. थंडीच्या दिवसांत सीनेच्या काठच्या एका गावातल्या सात-आठ बाया आणि दोन तरुण पोरं आमचं गाव बघायला आली. त्यांच्याकडं वरच्या अंगाला नवी वस्ती करायची बोलणी चालली आहेत. त्यांतली माझ्याच वयाची एक बाई घरभर फिरली, भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाली, "ताई, खरं सांगा. राहवतं का?" चहा होईपर्यंत मी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. बाकीचं इथं लिहिते.

मजबुतीला पैकीच्या पैकी. यात मी अर्धाही गुण कापणार नाही.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. भिंती दोन हात जाड; बघणाऱ्याला वाटावं किल्लाच आहे. पण त्या दगडांना धरून ठेवायला फक्त माती होती. बाहेरच्या अंगाला गोल दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, मधे माती आणि खडीचा भराव. दोन्ही रांगांना एकमेकींशी बांधणारा आरपार दगड कुठंच नाही. वरून मातीचं छत. दर वर्षी मिरगाच्या आधी, गळू नये म्हणून, त्यावर मातीचा नवा थर चढायचा. जुना मात्र कुणी काढायचं नाही. आजेसासऱ्यांच्या काळापासूनचे थर होते ते. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी ते सगळं खाली आलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा घरी आली होती आणि गाढ झोपली होती. मामा, म्हणजे माझे सासरे, आणि धाकटी नणंद माजघरात होते. ते गेले. मी तेरा महिन्यांच्या लेकराला घेऊन सोप्यात झोपले होते. सोप्यातले सागवानी खांब आणि तुळई जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली, म्हणून आम्ही दोघं वाचलो. आत्या, माझ्या सासूबाई, अंगणात होत्या. हे शेतावर आखाड्यात, म्हणजे शेतातल्या मुक्कामाच्या जागी होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली.

ज्यानं रात्री भिंत येताना ऐकली आहे त्याला घराकडून आधी एकच गोष्ट हवी असते, निर्धास्त पाठ टेकता येणं. हे घर ते देतं, पण लगेच नाही. पहिलं वर्षभर आम्ही घर असून अंगणात झोपलो. आत्या तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत रात्री उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. हायवेवरून भरलेला ट्रक गेला तरी अख्खी आळी बाहेर यायची. हळूहळू घरावर भरवसा बसला. 2024च्या मार्चमध्ये हिंगोली-नांदेडकडं धक्के बसल्याची बातमी आली तेव्हा मुलाचा पुण्याहून फोन आला, "आई, आधी बाहेर ये." मी म्हटलं, "मी चुलीपाशी आहे रे बाळा, घर पक्कं आहे." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलले.

आता किंमत. कागदावर शून्य रुपये. जागतिक बँकेकडून कर्ज घेऊन सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम केला. 52 गावं जागची उठवून नव्या ठिकाणी वसवली, त्यांतलं आमचं एक. कुणाला किती घर हे जमिनीवरून ठरलं. भूमिहीन किंवा अगदी थोडी जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, मधल्यांना 400, मोठ्या शेतकऱ्यांना 750. आमची अकरा एकर, म्हणून चारशे.

पण आम्ही पांढरी दिली. आमच्याकडं काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गाव, आणि जुनी पांढरी काळीला चिकटून होती, तेरणेच्या जवळ. नवं गाव माळावर, शेतापासून साडेतीन किलोमीटर. पहाटे धारा काढायला एक खेप, दुपारी भाकरी घेऊन दुसरी. येऊन जाऊन चौदा किलोमीटर, आणि ते बहुतेक बायांनी चालायचं. आज घरोघरी मोटरसायकल आहे. 1996ला आमच्या आळीत एक होती.

आणि लाकूड दिलं. भूकंपानंतर आम्ही अडीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. त्या दिवसांत लाकडाचे व्यापारी ट्रक घेऊन यायचे. ढिगाऱ्यातले खांब, तुळया, नक्षीच्या चौकटी मिळेल त्या भावानं जायच्या. ज्या खांबांनी मला आणि माझ्या लेकराला वाचवलं, ते आम्ही विकले. घरात दाणा नव्हता आणि लाकूड ठेवायला जागा नव्हती. दाराची चौकट तेवढी आत्यांनी देऊ दिली नाही. "हिच्यातनं मी सून म्हणून आत आले," एवढंच त्या म्हणायच्या आणि व्यापाऱ्याकडं पाठ करून बसायच्या.

गुण कापायचे ते घरांच्या मांडणीचे.

जुन्या गावात गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीला मागं सरावं लागे. भूकंपात माणसं त्याच गल्ल्यांत दबली आणि मदतीची वाहनं आत येऊ शकली नाहीत, हेही खरं. त्यामुळं रुंद रस्ते हवेच होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नवं गाव आखताना सगळं सरळ रेषेत आणि काटकोनात आलं, जुन्या गावाच्या कितीतरी पट जागेवर पसरलं, आणि घरांच्या रांगा आकाराप्रमाणे लागल्या. साडेसातशेवाले पुढं, चारशेवाले मधे, अडीचशेवाले शेवटी. भावकी तुटली, शेजार तुटला, आणि गरीब तेवढे एका टोकाला गेले.

याचा अर्थ काय होतो ते मी अक्कांवरून सांगते.

अक्का आमच्या जुन्या घराच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. नवरा फार आधी गेलेला. एकुलता मुलगा भूकंपात गेला, सून माहेरी निघून गेली. जमीन नाही. त्यांना अडीचशे चौरस फुटांचं घर मिळालं, शेवटच्या रांगेत. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत मी पावलं मोजली आहेत. आठशे चाळीस.

जुन्या गावात अक्का कशा जगायच्या? कुणी त्यांना सांभाळत होतं असं म्हणता येणार नाही, आणि तसं कुणी म्हटलं असतं तर त्यांना राग आला असता. ताक केलं की एक तांब्या भिंतीवरून पलीकडं जायचा. मी पाण्याला निघाले की त्या लेकराला मांडीवर घ्यायच्या. सुगीत आम्ही त्यांना खळ्यावर बोलवायचो, त्या सुपानं वाऱ्यावर ज्वारी उधळायच्या, घरी जाताना पदरात दोन पायल्या घेऊन जायच्या. सकाळी त्यांच्या चुलीचा धूर दिसला नाही तर आत्या इकडून हाक मारायच्या. ही सगळी व्यवस्था कुठल्या यादीत नव्हती. म्हणून गाव हलवताना ती तिथंच राहून गेली.

नव्या गावात आल्यावर अक्का रोज दुपारी काठी टेकत आमच्या पायरीवर येऊन बसायच्या. मग एक दिवसाआड. मग बाजाराच्या दिवशी तेवढ्या. 1997च्या श्रावणात त्या तापानं पडल्या आणि तीन दिवस कुणाला कळलं नाही. चौथ्या दिवशी कळलं, तेही पिठाच्या गिरणीत कुणी सहज म्हणालं म्हणून. त्यांच्या शेजारची दोन्ही घरं कुलपात होती, माणसं कामाला मुंबईला की कुठं गेलेली. आत्यांनी गाडी जुंपायला लावली. आम्ही गेलो तेव्हा अक्का जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, घागर रिकामी. आत्या म्हणाल्या, "ऊठ गं. चल." अक्का म्हणाल्या, "कुठं? माझं घर हाय की हितं. सरकारनं दिलेलं." आत्या म्हणाल्या, "घर राहू दे हितंच. तू चल."

आम्ही बाजूच्या भिंतीला टेकून पत्र्याची पडवी काढली आणि अक्का तिथं नऊ वर्षं राहिल्या. त्यांच्या नावावरचं पक्कं, भूकंपाला टिकणारं घर पुतण्यानं कडब्याला वापरलं. मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. यादी करणाऱ्यानं जमीन विचारली, माणसं किती ते विचारलं, आधीचं घर केवढं ते विचारलं. तुमच्या चुलीचा धूर कोण बघतं, हे विचारायला हवं होतं. एवढा एक रकाना वाढला असता तर अक्का आमच्यापासून चौथ्या घरात आल्या असत्या.

उकाडा, गळती आणि संडास यांबद्दल थोडक्यात. चैत्र-वैशाखात स्लॅब इतका तापतो की रात्री अकरापर्यंत आत बसवत नाही. माळवदाखाली त्याच उन्हात दुपारी गार वाटायचं. पावसात 2003पासून एका कोपऱ्यात गळायला लागलं; दोनदा वरून गिलावा केला, तिसऱ्यांदा डांबराचा कागद टाकला तेव्हा थांबलं. संडास पहिल्या दिवसापासून होता, पण पाणी चार दिवसांनी येत असेल तर त्यात काय ओतणार? आमच्या आळीत कित्येक वर्षं त्यात गोवऱ्या होत्या. आता पाणी आहे, वापर आहे.

भिंतीबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण रोजचा संबंध तिच्याशी येतो.

भिंत ओतीव काँक्रीटची. राहायला आलो त्या दिवशी मी मामांचा फोटो लावायला खिळा घेतला. दोन घाव घातले, खिळा वाकला. दुसरा घेतला, वाकला. हे आले, त्यांनी मोठा हातोडा आणला. खिळ्याचं डोकं उडालं आणि भिंतीवर बोराएवढा पांढरा डाग पडला, बस्स. तो डाग अजून आहे. ताबा देताना सांगितलंच होतं, भिंतीला छेद द्यायचा नाही, खिडकी मोठी करायची नाही. मामांचा फोटो मग पाटावर, भिंतीला टेकून, जमिनीवर ठेवला. माझ्या सासऱ्यांचा चेहरा माणसांच्या पायांच्या उंचीवर. आत्या तिकडून जाताना दर वेळी पदर सावरून, अंग चोरून जायच्या.

जुनी भिंत जाड होती, तिच्या जाडीत संसार मावायचा. देवाला देवळी, दिव्याला कोनाडा, बांगड्या-करदोड्याला फडताळ, धान्याला बळद, जू आणि दोर अडकवायला खुंट्या. बाईला अंधारातही कळायचं सुई कुठं आहे. नव्या घरात वस्तू ठेवायला जमिनीशिवाय जागाच नाही. देव पहिले पाच महिने ज्वारीच्या पोत्यावर होते. धान्य चारशे चौरस फुटांपैकी किती जागा खातं ते सुगीनंतर येऊन बघा. पोत्यांच्या थप्प्या आणि त्यांच्या मधल्या फटीत आमची अंथरुणं. फोटो शेवटी खिडकीच्या गजाला तार बांधून लटकवला. 2011ला मुलानं कुणाची तरी ड्रिल मशीन आणली आणि अर्ध्या तासात सहा भोकं पाडली. मी त्या दिवशी सहाही खुंट्यांना काही ना काही अडकवलं. त्यातली एक पिशवी रिकामीच होती.

चूल कुठं, याचाही विचार नव्हता. कोपऱ्यात ओटा होता, उभ्यानं गॅसवर करायचा स्वयंपाक मनात धरून केलेला. गॅस आमच्याकडं कितीतरी वर्षांनी आला. त्या बंद खोलीत तुराट्या पेटवल्या की डोळे जायची पाळी. आठवडाभरात गावातल्या सगळ्या चुली बाहेर आल्या आणि मग त्यांच्यावर पत्रे आले. आज आमच्या आळीत उभं राहिलात तर मूळ घर शोधावं लागतं: पुढं पडवी, बाजूला गोठा, मागं चूल. या वाढवलेल्या भागांतले काही जुन्या घरांच्या दगडांनी आणि परत मातीतच बांधले आहेत. ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. मजबूत घर दिलं, पण त्यात राहता येईना म्हणून माणसांनी स्वतःच त्याला कच्चं शेपूट जोडलं.

हे घर आणि त्याचबरोबर झालेलं दुसरं काम, दोन्ही मी जवळून पाहिली आहेत. त्या दुसऱ्या कामाला मी घरापेक्षा जास्त गुण देते.

जी गावं हलवायची नव्हती, तिथं पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. अशी घरं दोन लाखांच्या आसपास, अनेक जिल्ह्यांत पसरलेली. तिथं घरमालकालाच हप्त्याहप्त्यानं मदत मिळायची, एक टप्पा नीट झाला की पुढचा हप्ता, आणि काम त्यानं स्वतः उभं राहून करून घ्यायचं. लोकांना हे समजावून सांगायला गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना 'संवाद सहायक' नेमलं. 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था त्या कामात होती, प्रेमा गोपालन यांनी उभी केलेली. मीही संवाद सहायक झाले. सातवी पास, तोवर बाजाराशिवाय कुठं एकटी न गेलेली. नेमलं तेव्हा माझा हात थरथरत होता, सही वाकडी आली.

आमचं काम काय? देवळाच्या पारावर बाया गोळा करायच्या आणि भिंत का पडते ते सांगायचं. मी दोन मुठी जोंधळे घेऊन दाखवायचे: दोन रांगा, मधे भुसा, धक्का दिला की दोन्हीकडं फाकतात. मग मधून काडी आरपार घालायची आणि परत धक्का द्यायचा. माळवदावरची माती उतरवून ओझं कमी करायचं, दाराच्या वरच्या पातळीवर चारी भिंतींना धरणारा सळईचा पट्टा घालायचा, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू द्यायचे. खांब काढायचे नाहीत, हे मी प्रत्येक गावात दोनदा सांगायचे. सिमेंटचं पोतं फोडल्यावर हात आत घालून बघा, गुठळ्या लागल्या तर परत करा. पट्टा ओतल्यावर निदान दहा-पंधरा दिवस पाणी मारा. पाण्याची टंचाई असलेल्या गावात बायांनी गोणपाट ओलं करून पट्ट्याला गुंडाळलं आणि भांडी विसळलेलं पाणी त्यावर ओतलं. इंजिनिअर साहेब तपासायला आले की बाया पुढं होऊन म्हणायच्या, "साहेब, हा कोपरा बघा, मिस्त्रीनं इथं सळई तोडलीय." त्या घरांत देवळी राहिली, चूल जिथं हवी तिथं राहिली, अक्का जिथं होत्या तिथं राहिल्या. ते काम एवढं धिमं, एवढं कटकटीचं होतं की कुणी फीत कापायला आलं नाही.

यातल्या काही बाया 2001च्या भूकंपानंतर कच्छला गेल्या. माझी चुलत जाऊ त्यात होती. तिकडं बहुतेकांनी आपापल्या जागेवर, हप्ते घेऊन, स्वतःच घरं बांधली. जाऊ सांगायची, तिथल्या बायांनी पहिल्याच बैठकीत विचारलं की हप्ता बाईच्या हातात येतो का आणि मिस्त्री चुकला तर पैसे कोण अडवतं. ती म्हणाली, "मला भाषा कळत नव्हती, पण हे प्रश्न कळले."

घराबाहेरच्या मदतीबद्दलही लिहायला हवं, कारण माणूस नुसत्या छताखाली उभा राहत नाही. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं शिकायला पुण्याला नेली. लेकरं एवढ्या लांब पाठवायची म्हणून बाया तेव्हा एसटीच्या मागं धावत गेल्या होत्या. ती मुलं पुढं शिकून कामाला लागली आणि आज आई-बापांना सांभाळतात. आणि ज्यांची सगळी लेकरं गेली होती आणि नसबंदीचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं, अशा बायांसाठी नळ्या परत जोडायची शस्त्रक्रिया केली गेली. त्या शिबिरासाठी मी दोघींबरोबर दवाखान्यात गेले होते. एकीला पुढं मुलगी झाली. दुसरीला नाही झालं. ती अजून माझ्या शेजारून जाते, आम्ही दोघीही त्यावर बोलत नाही. विचारपूस करायला, नुसतं जवळ बसायला माणूस नेमायची पद्धत तेव्हा फारशी नव्हती, आणि ती उणीव मला कुठल्याही गळक्या स्लॅबपेक्षा मोठी वाटते.

त्यानंतर महाराष्ट्रात दरडी कोसळून गावं गेली. माळीण, 2014. तळीये, 2021. इर्शाळवाडी, 2023. तिथल्या नव्या घरांबद्दल मी मत देणार नाही, मी तिथं राहिलेली नाही. पण टीव्हीवर रांगेतली एकसारखी घरं आणि किल्ल्या वाटण्याचा कार्यक्रम दाखवला की मी किल्ली घेणाऱ्या म्हातारीकडं बघते आणि तिच्या शेजारी कोण आलंय ते शोधत राहते.

हे घर मी दुसऱ्याला घ्या म्हणेन का? पूर, दरड, भूकंप यांत सगळं गेलं असेल आणि जागा खरोखरच धोक्याची असेल, तर घ्या म्हणेन, हात जोडून घ्या. पण किल्ली हातात यायच्या आधी, नकाशा कागदावर असतानाच, बायांनी त्याच्याभोवती बसा. चूल, गोठा, धान्य आणि देव कुठं ते त्यावर दाखवून घ्या. आळी उचलून आळीच ठेवा म्हणावं. एकट्या माणसाचं घर शेवटच्या रांगेत टाकू देऊ नका. आणि पुढं वाढवायची जागा पायासकट आधीच आखून घ्या, म्हणजे कच्ची भिंत उभी राहणार नाही.

आम्ही आमच्या घरात जे वाढवलं त्यातली एकच गोष्ट पूर्णपणे बरोबर झाली. 2009ला जुन्या गावठाणातून दोन ट्रॉल्या दगड आणले आणि दाराबाहेर ओटा बांधला, सिमेंटमध्ये, आरपार दगड घालून, मी स्वतः उभी राहून. आत्यांनी ठेवलेली चौकट नव्या दाराला बसत नव्हती. ती बुटकी आणि रुंद. तिचा उंबरा तेवढा सोडवून ओट्याच्या कडेला, चढायच्या पायरीवर, बसवला. संध्याकाळी तिथं सात-आठ जणी असतात. कोण आली नाही ते लगेच कळतं. त्या वर्षापासून पुढं आत्या शेवटपर्यंत तिथंच बसायच्या, पाय उंबऱ्यावर टेकून.

सीनेकडची ती बाई चहा पिऊन निघाली तेव्हा ओट्याशी थांबली. बसून बघितलं, पाय खाली सोडून बघितले. मग आठवड्यानं तिचा फोन आला. "ताई, तुमचा ओटा केवढा हो? नकाशावाल्यांना सांगायचंय." मी टेप घेऊन बाहेर आले आणि मोजून सांगितलं: लांबी नऊ फूट, रुंदी साडेतीन, उंची सव्वा फूट, म्हाताऱ्या माणसाला गुडघे न दुखता बसता येईल एवढी. तिनं ते लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. रुंदी चुकली होती, ती मी दुरुस्त करून सांगितली.